बोटाचा हुकूम आणि पडद्यावरील तामील

जुने व्हिडिओ गेम पुन्हा खेळावेत, किंवा आपल्या मुलाबाळांपुढे ठेवावेत, अशी इच्छा बोलून दाखविणारे गृहस्थ आपल्या मुकुंदवाडीत वरचेवर भेटतात, आणि त्यात नवल करण्यासारखे काही नाही; कारण नव्वदीच्या दशकात चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या सांभाळणाऱ्या आईबापांच्या घरी, रामनगर-संजयनगरच्या गल्ल्यांत किंवा सिडकोच्या बैठ्या घरांत, जी मुले टीव्हीपुढे चटईवर बसून गेमचा 'रिमोट' हाती घेत वाढली, ती आता स्वतः संसारी झाली आहेत आणि त्यांच्या अंगठ्यांना त्या खेळांची ओळख अद्याप बुजलेली नाही. परंतु इच्छा असली तरी निवड कशाच्या आधारे करावी याविषयी बहुतेकांच्या मनात गोंधळ असतो. बाजारात हातात मावेल असे चारशे गेमांचे स्वस्त यंत्र मिळते, संगणकावर तर हजारोंचा साठा हाताशी असतो. त्यांतून चार निवडावयाचे तर चित्रे पाहावीत, संगीत ऐकावे, की केवळ बालपणीच्या जिव्हाळ्यावर भिस्त ठेवावी? माझ्या मते हे सर्व दुय्यम आहे. बटण दाबल्यावर पडद्यावरील आकृती कशी हलते, कशी थांबते, कशी वळते आणि कशी पडते, एवढे एकच पाहावे. चित्रे जुनी होतात, गोष्टी विसरल्या जातात, पण ज्या गेमातील हालचाल चोख आहे तो चाळीस वर्षांनंतरही हाताला ताजा लागतो.

चोख म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. बटण दाबणे हा हुकूम आहे आणि आकृतीची हालचाल ही त्याची तामील आहे. हुकूम सुटताच तामील विनाविलंब व्हावी, ही पहिली अपेक्षा. तोच हुकूम शंभर वेळा सुटला तर शंभरही वेळा तामील तीच व्हावी, ही दुसरी. आणि बटण किती काळ दाबून धरले, कोणत्या वेगात असताना दाबले, यांनुसार तामिलीत तारतम्य दिसावे, ही तिसरी. पहिल्या दोन अपेक्षा ज्यात पुऱ्या होत नाहीत त्या गेमास हातही लावू नये. तिसरीही ज्यात पुरी होते तो वर्षानुवर्षे पुरतो. याचे कारण असे की, अशा गेमात पात्र खड्ड्यात पडले तर कसूर यंत्राची नसून आपल्या बोटाची आहे हे खेळणारास तत्क्षणी उमगते, आणि ज्या कसुरीचे धनी आपण स्वतः आहोत अशी खात्री पटते ती दुरुस्त करण्याची उमेद मनुष्यास आपोआप वाटू लागते. मुलांच्या बाबतीत तर मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

तिसऱ्या अपेक्षेचा आदर्श पाहावयाचा तर निन्टेन्डोने १९८५ साली काढलेल्या, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'कडे जावे लागते, आणि हा गेम आपल्याकडील जवळपास प्रत्येक मिश्र कॅसेटीत असे हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. त्यापूर्वी चार वर्षे आलेल्या 'डाँकी काँग'मध्ये याच पात्राची उडी गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी होती: एकदा सुटली की उंची, लांबी आणि दिशा ही सर्व ठरलेली, मध्येच फेरफार करण्यास वाव नाही. १९८५ च्या मारिओत मात्र उडीचे बटण दाबून धरले असेतो वर जाताना गुरुत्वाकर्षण सौम्य राहते आणि बोट उचलताच ते कडक होते. त्यामुळे वीतभर उडीपासून थेट डोक्यावरच्या विटांपलीकडील उडीपर्यंत सर्व पायऱ्या एकाच बटणातून निघतात. शिवाय उडी घेताना आडवा वेग अधिक असेल तर उंचीही अधिक लाभते. चालण्याचा कमाल वेग दर फ्रेमला, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाला, सुमारे दीड पिक्सेल, आणि दुसरे बटण दाबून धावण्याचा सुमारे अडीच. पण एका वेगातून दुसऱ्या वेगात पात्र एकदम उडी घेत नाही, त्याला गती घ्यावी लागते, आणि उलट बाण दाबला तर ते घसरत जाऊन, पाय रोवून, मगच वळते. हवेत असतानाही बाणांचा अंमल चालतो, पण जमिनीवर चालतो तितका नाही. शाळेत शिकलेल्या अन्वस्ताप्रमाणे ही उडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. चढती लांबलेली आणि उतरती आखूड, अशी तिची कमान असते. निसर्गनियमाशी हे जुळत नाही, परंतु खाली येताना जो अवधी निव्वळ प्रतीक्षेत गेला असता तो वाचतो आणि खेळणाराचे बोट पुढल्या हुकुमास लवकर मोकळे होते.

येथे एक ऐतिहासिक हकिकत सांगण्यासारखी आहे. पडद्यावर पिक्सेलहून लहान असे काही दाखविता येत नाही. पण आकृती कोठे आहे याचा हिशेब मात्र पिक्सेलच्या अपूर्णांकांत ठेवता येतो, आणि असा हिशेब ठेवला की हालचाल धक्क्याधक्क्याने न होता पाण्यासारखी सलग वाटते. पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेले सातोरू इवाता हे एच.ए.एल. लॅबोरेटरी या संस्थेत असताना त्यांनी घरगुती यंत्रासाठी 'बलून फाइट' लिहिला. त्यातील फुग्यांना लटकलेल्या माणसाचे तरंगणे व्हिडिओ गेम पार्लरच्या यंत्रातील मूळ गेमापेक्षाही गुळगुळीत उतरले, कारण इवातांनी स्थानाचा हिशेब अपूर्णांकांत ठेवला होता. ही युक्ती तोशिहिको नाकागो या प्रोग्रॅमरने त्यांच्याकडून समजून घेतली आणि मारिओच्या पाण्याखालील टप्प्यांत ती कामी आली. म्हणून ज्यांच्या कॅसेटीत 'बलून फाइट' आहे त्यांनी तो पोरखेळ म्हणून बाजूस सारू नये. पंख हलविण्याचे बटण एकसारखे बडवीत न सुटता, दोन झटक्यांमध्ये फुग्याला स्वतःच्या जडत्वाने वाहू द्यावे, आणि थांबावयाचे असेल त्याच्या बरेच आधी उलट बाण दाबावा. एवढे साधले की अंगठ्याला जडत्वाचा पहिला धडा मिळाला असे समजावे.

गेम निवडताना, मग तो विकत घ्यावयाचा असो वा आधीच घरात असो, पुढील परीक्षा घ्यावी असे मी सुचवितो. पहिल्याच मोकळ्या जागेत थांबावे. शत्रूकडे, गुणांकडे, वेळेकडे लक्ष देऊ नये. बाण क्षणभर टेकून सोडावा आणि पात्र किती सरकते ते पाहावे. मग बाण दाबून ठेवावा आणि पूर्ण वेग येण्यास किती अंतर लागते ते पाहावे. पूर्ण वेगात असता सोडून द्यावे आणि कोठे थांबते ते पाहावे. त्यानंतर उडीचे बटण नुसते टेकून, मग दाबून धरून, मग धावता धावता, अशा तीन उड्या घ्याव्यात, आणि हवेत असताना बाण उलटा करून काय होते ते तपासावे. शेवटी कड्याच्या अगदी टोकाशी उभे राहून पाहावे की पाय हवेत गेल्याचे दिसत असतानाही पात्र उभे राहते की काय, आणि राहत असेल तर ते दर वेळी राहते का. एवढे करण्यास पाच मिनिटे लागत नाहीत, आणि या पाच मिनिटांत जो गेम दोन वेळा दोन प्रकारे वागेल तो बाजूला ठेवावा.

तथापि चोख म्हणजे चपळ, असा समज करून घेणे बरोबर नव्हे. १९८६ साली कोनामीने काढलेल्या 'कॅसलव्हेनिया'तील सायमन बेलमाँट जड पावलांचा आहे. त्याने एकदा उडी घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही, आणि आसूड ओढण्यापूर्वी त्याचा हात मागे जाण्यास किंचित अवधी लागतो. परंतु तो अवधी नेहमी तेवढाच असतो, आणि त्या गेमातील शत्रूंची चाल याच अवधीचा हिशेब धरून रचलेली आहे. म्हणून तेथे घाई करणारा हरतो आणि दोन पावले आधी विचार करणारा जिंकतो. जॉर्डन मेकनर यांचा १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा तर याचा परमोत्कर्ष होय. आपल्याकडे ज्यांनी शाळेच्या वा खाजगी क्लासच्या संगणकावर हा गेम खेळला असेल त्यांना आठवत असेल की राजपुत्र धावू लागण्यास, थांबण्यास आणि वळण्यास माणसाइतकाच वेळ घेतो. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना व उड्या मारताना चित्रित करून त्या चित्रफितीवरून एकेक चित्र उतरविले होते, आणि म्हणून तेथे बटणाची आज्ञा पाऊल पुरे झाल्याखेरीज अमलात येत नाही. अशा गेमात हुकूम आगाऊ द्यावा लागतो. कड्याजवळ जाताना शिफ्टची कळ दाबून एकेक जपून पाऊल टाकण्याची जी सोय त्यात आहे ती अवश्य शिकावी. शिफ्ट धरून कड्यापर्यंत सरकणे, थोडे मागे येणे आणि मग धावून उडी घेणे, या क्रमाने अंतराचा अंदाज डोळ्यांऐवजी पावलांनी घेता येतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकास कॅपकॉमचा 'मेगामॅन २' आहे, १९८८ चा. तेथे जडत्व जवळजवळ नाहीच. बाण सोडला की पात्र जागच्या जागी उभे, आणि उडीचे बटण सोडले की चढती तेथेच तुटून पात्र खाली येऊ लागते. बाण नुसता टेकला तर पात्र धावू न लागता नाममात्र सरकते, आणि ही नाममात्र सरक हीच त्या गेमाची खरी देणगी आहे, कारण दिसेनाशा होणाऱ्या ठोकळ्यांवर उभे राहताना कडेपर्यंत बोटभर सरकण्यास तीच उपयोगी पडते. मारिओची सवय असलेला मनुष्य मेगामॅन खेळू लागला की पहिल्या तासात नेहमी थोडा अलीकडे पडतो, कारण त्याचे बोट घसरण गृहीत धरून बाण आधीच सोडते. त्यामुळे गेम वाईट ठरत नाही. मेगामॅनचा शिरस्ता निराळा आहे आणि तो शिकण्यास सवड द्यावी लागते, इतकेच. आपल्याकडील लाडका 'कॉन्ट्रा' कॅसलव्हेनिया आणि मेगामॅन या दोन टोकांच्या मध्ये बसतो: त्यातील कोलांटउडीची उंची ठरलेली असते, पण हवेत पुढे-मागे होण्याची मुभा पुरी असते, आणि आठही दिशांना गोळी झाडता येते. म्हणून कॉन्ट्रात उडी वाचण्यासाठी वापरावी आणि मारण्याचे काम शक्यतो जमिनीवरून, तिरके बाण धरून करावे. नवखा याच्या नेमके उलट करतो.

उड्या ज्यांना मानवत नाहीत त्यांनी वाहनांचे गेम घ्यावेत. १९८४ चा 'एक्साइटबाइक' दिसावयास साधा, पण त्यात हालचालीचे शास्त्र फार नेटके आहे. मोटारसायकल चढावरून हवेत गेली की डाव्या-उजव्या बाणांनी तिचे नाक वर किंवा खाली करता येते, आणि उतरताना दोन्ही चाके जमिनीच्या चढ-उताराशी समांतर टेकली तर वेग शाबूत राहतो, नाहीतर चालक गडगडत जातो. जोराच्या बटणाने वेग वाढतो तसे इंजिन तापत जाते, आणि जमिनीवर काढलेल्या बाणांच्या खुणांवरून गाडी नेली की ते निवते. तेव्हा जोराचे बटण कोठे खर्च करावयाचे याचा जमाखर्च त्या खुणांच्या जागा ध्यानात ठेवून करावा. कोनामीच्या 'रोड फायटर'मध्ये दुसऱ्या मोटारीचा धक्का लागला की आपली गाडी भरकटते, पण बाणांच्या तत्पर आणि हलक्या दाबाने ती सावरता येते. बाण घट्ट धरून ठेवणारा मात्र कठड्यावर आदळतो. संगणकावर विंडोज एक्सपीबरोबर पूर्वी येणारा 'स्पेस कॅडेट' पिनबॉलही मी याच वर्गात घालतो. बहुतेक लोक त्यात दोन्ही पाती एकदम फडफडवीत बसतात; ते सोडावे, आणि खाली येणारा चेंडू उचललेल्या पात्यावर झेलून स्थिर करण्यास शिकावे, कारण स्थिर झालेला चेंडू पात्याच्या कोणत्या भागावरून उडविला असता कोठे जातो हे मग खात्रीने सांगता येते.

चौकटींच्या मार्गांतून चालणाऱ्या गेमांविषयी थोडेसेच सांगतो, पण त्यांतील सोय सूक्ष्म आहे. तोरू इवातानी यांच्या १९८० च्या 'पॅक-मॅन'मध्ये वळणाच्या किंचित आधी बाण दाबला तर पॅक-मॅन कोपरा तिरका कापून जातो, आणि पाठलाग करणाऱ्या भुतांना ती सवलत नसल्यामुळे दर वळणावर थोडे अंतर वाढते. 'बॅटल सिटी', म्हणजे आपल्या कॅसेटींवरील रणगाड्यांचा गेम, त्यात रणगाडा वळताच चौकटीच्या रेषेवर आपोआप बसतो, म्हणून अरुंद वाटेत शिरताना मिलिमीटरचा हिशेब करावा लागत नाही. जुन्या कारागिरांनी बोटाची चूक अशी न सांगता सांभाळून घेतली आहे, आणि ही सांभाळणूक ज्यात आढळेल तो गेम निःशंकपणे घ्यावा.

पार्लरमध्ये नाणी टाकून खेळलेल्या 'मुस्तफा'चा उल्लेख केल्यावाचून पुढे गेलो तर वाचक माफ करणार नाहीत. कॅपकॉमच्या १९९३ च्या या गेमाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'; पण आपल्याकडे त्यातील सर्वांत चपळ पात्राच्या नावानेच तो ओळखला गेला, आणि लोकांनी दिलेले हे नाव यथार्थ आहे, कारण पुढचा बाण दोनदा टेकून धाव घ्यावी आणि धावेतूनच उडती लाथ मारावी, ही जी त्या गेमाची गोडी, ती त्याच पात्रात पुरेपूर उतरली आहे. मारण्याचे व उडीचे बटण एकदम दाबले तर भोवतीचे सर्व शत्रू दूर फेकले जातात, पण त्याची किंमत स्वतःच्या शक्तीतून द्यावी लागते. घेरले गेल्याखेरीज ती देऊ नये.

आता घरच्या बंदोबस्ताकडे वळू, कारण उत्तम गेमही वाईट जोडणीने नासतो आणि दोष मात्र गेमाच्या माथी बसतो. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही विजेचा संकेत येईल तसतशी एकेक ओळ पडद्यावर रेखीत जातो, चित्र साठवून ठेवीत नाही. म्हणून त्यात विलंब असा जाणवत नाही. एलसीडी किंवा एलईडी टीव्ही आलेले चित्र साठवितो, ताणून मोठे करतो, त्याचे रंग व कडा सुधारतो, आणि मग दाखवितो. या सुधारणेत सहा फ्रेम गेल्या तर सेकंदाचा दहावा भाग गेला. तेवढ्या अवधीत धावता मारिओ पंधरा पिक्सेल, म्हणजे जवळजवळ एक आख्खी वीट पुढे गेलेला असतो. कड्यावर दाबलेली उडी खड्ड्यात लागू होते ती यामुळे. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे टीव्ही ही वस्तू आपल्या जिल्ह्याला परकी कधीच नव्हती, आणि जुने पिक्चर ट्यूबचे संच आजही दुरुस्तीच्या दुकानांत अथवा भंगारवाल्यांकडे नजरेस पडतात. सुस्थितीतला एखादा लहान संच मिळाला तर जागेची अडचण सोसूनही तो घ्यावा. घेण्यापूर्वी दुकानातच लावून चित्र स्थिर आहे का, कडा वाकलेल्या नाहीत ना, आणि पिवळ्या व पांढऱ्या पिनांची खोबणी घट्ट आहेत का, हे पाहावे. मात्र त्याचे मागील झाकण स्वतः कधीही उघडू नये, कारण बटण बंद करून तार काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. पिस्तुलाने बदके मारण्याचा 'डक हंट' खेळावयाचा असेल तर असा संच अपरिहार्यच आहे. ते पिस्तूल जुन्या पडद्याच्या लखलखाटावर नेम ओळखते, नव्या सपाट पडद्यावर ते आंधळे ठरते.

नवाच टीव्ही वापरावयाचा असेल तर त्याच्या चित्राच्या मांडणीत 'गेम मोड' शोधून तो चालू करावा. त्यामुळे चित्रसुधारणेचे बरेचसे काम थांबते आणि विलंब घटतो. पिवळ्या-पांढऱ्या पिनांचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणाऱ्या स्वस्त डब्या मध्ये बसविल्या की थोडा विलंब पुन्हा शिरतो, हेही ध्यानात असू द्यावे.

वेगाविषयी एक गोष्ट विशेष करून सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून अनेकांची स्मृती त्यांना फसविते. जपान आणि अमेरिकेतील यंत्रे सेकंदाला ६० फ्रेम दाखवीत; आपल्याकडील पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनलेली यंत्रे ५० दाखवीत. ६० गृहीत धरून लिहिलेला गेम ५० वर चालविला की तो एक षष्ठांशाने मंदावतो, संगीतही रेंगाळते. म्हणून बालपणी खेळलेला मारिओ आज संगणकावर मूळ वेगाने लावला तर तो बावरल्यासारखा धावतो असे वाटते आणि हात चुकतात. त्यात यंत्राचा वा वयाचा दोष नाही. चार-सहा दिवस मूळ वेगाची सवय करावी. गेमाची रचना त्या वेगासाठीच झालेली असल्यामुळे उड्यांचा ताल तेथेच खरा लागतो.

रिमोटची निवड टीव्हीइतकीच महत्त्वाची आहे. गुन्पेई योकोई यांनी १९८२ साली खिशातल्या 'डाँकी काँग'साठी जी अधिकचिन्हाच्या आकाराची बाणपट्टी योजिली तिचे मर्म असे की अंगठा न उचलता, नुसता कलवून, चारही दिशा मिळतात आणि समोरासमोरच्या दोन दिशा एकदम दाबल्या जात नाहीत. स्वस्त नकलांत आतील रबर इतके मऊ असते की उजवा बाण दाबताना वरचा किंवा खालचाही लागतो. कॉन्ट्रात त्यामुळे पळता पळता शिपाई अकस्मात वर नेम धरतो. दुकानात हा दोष सहज पकडता येतो: पात्राला एका दिशेने चालवीत अंगठा मुद्दाम थोडा वर-खाली कलवावा आणि चाल तुटते का ते पाहावे. तारेचा रिमोट बिनतारीपेक्षा बरा. एका दाबात अनेक गोळ्या सोडणारी 'टर्बो' बटणे शिकण्याच्या काळात वर्ज्य करावीत, कारण दाबाचे तारतम्य हेच जेथे शिकावयाचे आहे तेथे ती ते शिकू देत नाहीत. मोबाईलच्या काचेवर काढलेली बटणे तर मुळीच नकोत. अंगठ्याला कड लागत नाही, आणि नजर पात्रावरून बोटाकडे वळते. मोबाईलवरच खेळणे भाग असेल तर ओटीजीची तार लावून खरा रिमोट जोडावा. कॅसेट चालेनाशी झाली तर तिच्यात फुंकर मारण्याची जुनी रीत सोडून द्यावी, कारण फुंकरीतील ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या कालांतराने गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात आणि कोरड्या झाल्यावरच कॅसेट लावावी.

संगणकावर खेळणाऱ्यांनी शक्य तेथे हक्कदार कंपन्यांनी काढलेले संग्रह घ्यावेत: कॅपकॉमचा मेगामॅनचा संग्रह २०१५ साली निघाला, कोनामीने २०१९ साली कॉन्ट्रा आणि कॅसलव्हेनिया यांचे निरनिराळे संग्रह काढले, आणि हे सर्व स्टीमवरून मिळतात. जे जुन्या यंत्राची संगणकावर नक्कल करणारा एम्युलेटर वापरतात त्यांनी रेट्रोआर्कमधील 'रन-अहेड' ही तजवीज समजून घ्यावी. तीत संगणक गेमाच्या पुढल्या फ्रेम आधीच मोजून ठेवतो आणि बटणाची तामील तेवढी अगोदर दाखवितो. आकडा एक किंवा दोन ठेवावा. त्याहून वाढविला तर हालचालीच्या आरंभीचीच चित्रे गाळली जातात आणि पात्र झटके देत चालते. खेळ कोठेही थांबवून जतन करण्याची जी सोय एम्युलेटरमध्ये असते ती एकच अवघड उडी घटवून घेण्यासाठी खुशाल वापरावी. एकेका पावलावर जतन करीत पुढे जाणे मात्र टाळावे, कारण त्यात शेवट गाठला जातो आणि हात कोराच राहतो.

अभ्यासाचा क्रम मी असा ठेवीन. प्रथम मारिओचा पहिलाच टप्पा घ्यावा, आणि त्याच्या शेवटाकडे ज्या दोन जिन्यांच्या जोड्या आहेत तेथे मुक्काम करावा. पहिल्या जोडीच्या मध्ये सपाट जमीन आहे आणि दुसरीच्या मध्ये खड्डा. म्हणजे जी उडी प्राण धोक्यात घालून मारावयाची आहे तीच आधी निर्धोक जागी मारून पाहण्याची व्यवस्था रचनाकारांनी करून ठेवली आहे. पहिल्या जोडीवर धावती, उभी आणि अर्धी दाबलेली अशा सर्व उड्या घटवाव्यात आणि मगच दुसरीवर जावे. पुढे एक्साइटबाइक, मग मेगामॅन, आणि सर्वांत शेवटी कॅसलव्हेनिया किंवा प्रिन्स. म्हणजे सैल बंधनाकडून कडक बंधनाकडे हात वळत जातो. एका बैठकीत दोन भिन्न शिरस्त्यांचे गेम खेळू नयेत, विशेषतः लहान मुलांनी. मूल हरून चिडले तर 'तू बटण केव्हा सोडलेस?' एवढाच प्रश्न त्याला विचारावा; मूल स्वतः आठवून सांगू लागले की निम्मे काम झाले.

दोघांनी मिळून खेळावयाचे तर कॉन्ट्राच घ्यावा. आरंभी तीस लाईफची किल्ली वापरण्यास हरकत नाही: शीर्षकाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावा, उजवा, डावा, उजवा, बी, ए, आणि दोघांसाठी सिलेक्ट दाबून मग स्टार्ट, ही किल्ली प्रथम कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 'ग्रेडियस' या गेमासाठी, स्वतःला तो तपासून पाहणे सुलभ जावे म्हणून, बसविली होती. कॅसेटींच्या नकलांत दुसरा रिमोट बहुधा पहिल्याहून ढिला असतो, तेव्हा लाईफ संपली की रिमोटांची अदलाबदल करावी. तिसऱ्या टप्प्यावर, जेथे धबधब्याच्या कडेने वर चढावयाचे असते, पडदा वर सरकतो तो पुढे गेलेल्या गड्याच्या उडीबरोबर, आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेखाली गेला की मरतो. तेथे चढण्याचा क्रम आधीच ठरवून घ्यावा: ज्याचा हात कच्चा त्याने पुढे चढावे, ज्याचा पक्का त्याने एक पायरी खाली राहून दोन्ही बाजूंच्या तोफा उडवाव्यात, आणि पुढच्याने दर उडीपूर्वी 'चढू का?' असे विचारून, होकार आल्याखेरीज उडीच्या बटणावर बोट ठेवू नये.